क्रूझची शेवटची सकाळ: बॅग स्वतः उतरवावी की आदल्या रात्री द्यावी?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करून येणाऱ्या क्रूझवर पुण्याची बरीच मंडळी भेटतात. बुकिंग करताना खिडकीची केबिन की बाल्कनीची, यावर घरात आठवडाभर खल होतो. शेवटच्या सकाळी उतरायचं कसं, हे मात्र बोटीवर टॅग हातात पडल्यावर घाईघाईत ठरतं. माझं म्हणणं असं, की हे पुण्यात असतानाच ठरवून टाका. बरोबर कोण आहे आणि मुंबईत बोट लागते त्या बॅलार्ड पिअरहून घरी कशाने जाणार, एवढं पक्कं असलं की उत्तर आपोआप मिळतं.

पहिली पद्धत म्हणजे बॅगा आदल्या रात्री देऊन टाकायच्या. प्रत्येक बॅगेला रंगाचा किंवा नंबरचा टॅग लावायचा आणि सांगितलेल्या वेळेच्या आत, साधारण रात्री दहा-अकरापर्यंत, ती केबिनच्या दाराबाहेर ठेवायची. रात्रीतून कर्मचारी त्या गोळा करतात आणि सकाळी टर्मिनलमध्ये रंगानुसार मांडून ठेवतात. तुमच्या रंगाचा पुकारा झाला की मोकळ्या हातांनी खाली जायचं आणि आपली बॅग ओळखून घ्यायची. दुसऱ्या पद्धतीत बॅग रात्रभर तुमच्याजवळच राहते आणि ती ओढत तुम्हीच उतरता. असे प्रवासी बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी सोडतात.

ऐकायला दुसरी पद्धत सोपी वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी बोटीवर काय चाललेलं असतं ते बघा. त्याच दिवशी दुपारी नवे प्रवासी चढणार असतात, त्यामुळे केबिन सकाळी लवकर, साधारण आठच्या सुमारास, रिकामी करून मागतात. बफेला गर्दी, बिलाच्या शंका घेऊन रिसेप्शनसमोर रांग, आणि लिफ्टपाशी प्रत्येक मजल्यावर ट्रॉली बॅगा घेऊन उभी असलेली कुटुंबं. दार उघडतं, आत आधीच चार बॅगा, दार बंद. दोन धडधाकट माणसं बॅगा उचलून जिन्याने उतरतात. आजी आणि पाच वर्षांचं नातवंड बरोबर असलं की जिना बादच.

पुढे बोटीतून धक्क्यावर उतरायचा उतार. मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार मीटरच्याही वर जातो. बोट पाण्याबरोबर वर-खाली होते आणि उताराचा चढ-उतारही त्याप्रमाणे बदलतो. चढताना सपाट वाटलेला रस्ता उतरताना चांगलाच तिरका असू शकतो. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्याने चाकांची जड बॅग मागे खेचून धरायची, आणि मागून लोक येत असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे करायला लावू नये. पन्नाशीच्या पुढचं कुणीही बरोबर असेल तर मी दुसरा विचार न करता रात्रीच बॅगा द्या म्हणेन.

या पद्धतीत खरी काळजी घ्यायची ती रात्रीच्या पॅकिंगची. बॅग एकदा दाराबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच भेटते. सगळं भरून टाकलं आणि सकाळी अंगावर फक्त रात्रीचे कपडे उरले, असं कुणा ना कुणाचं होतंच. म्हणून आधी सकाळचे कपडे, चपला, टूथब्रश, चष्मा खुर्चीवर काढून ठेवा आणि मगच चेन लावा. बीपी-शुगरच्या गोळ्या, आधार कार्ड, परदेशाची फेरी असेल तर पासपोर्ट, दागिने, चार्जर, गाडीची किल्ली हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. फुटणारी वस्तू मोठ्या बॅगेत नको, कारण रात्री बॅगांवर बॅगा रचल्या जातात. विमानाचे जुने टॅग फाडून टाका. काळ्या बॅगांच्या रांगेत आपली चटकन दिसावी म्हणून हँडलला रंगीत नाडी बांधली तर पाच मिनिटं वाचतात.

काही जण मधला मार्ग काढतात: मोठी बॅग द्यायची, लहान स्वतः न्यायची आणि लवकर उतरायचं. त्याने काही साधत नाही. मोठी बॅग तिच्या रंगाच्या पाळीनेच मिळणार आणि तोवर तुम्ही टर्मिनलमध्ये उभे. लवकर सुटायचं असेल तर सगळंच सामान स्वतःजवळ हवं.

आता त्या लवकर सुटण्याचा पुण्याला परतताना किती उपयोग, ते पाहू. रेल्वेने येणार असाल तर जवळजवळ शून्य. सीएसएमटी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण इंद्रायणी, इंटरसिटी, डेक्कन एक्सप्रेस या सकाळच्या गाड्या सातपर्यंत निघून गेलेल्या असतात. पुढे सिंहगड दुपारी अडीचच्या सुमारास आणि दख्खनची राणी संध्याकाळी 5:10 ला. तासभर आधी उतरून तो तास स्टेशनवरच घालवायचा, तर बोटीवर निवांत नाश्ता केलेला बरा. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवून, ते कुलूपबंद असावं लागतं, फोर्टमध्ये जेवून राणी पकडणं हा मला आवडणारा बेत आहे. लहान मुलं असतील तर मात्र दिवस फार लांबतो.

शिवनेरीचं गणित वेगळं. दादरहून बस दिवसभर सुटतात, त्यामुळे लवकर पोचलात तर लवकरची मिळते. सुट्टीच्या दिवशी आरक्षण मात्र आधी करा, आणि बोटीच्या जाहीर वेळेनंतर तीन-साडेतीन तासांचं करा. बोट धक्क्याला लागणं आणि माणसं सोडायला सुरुवात होणं यात तपासणीचा वेळ जातोच.

स्वतः बॅग उतरवण्याचा खरा फायदा गाडीने येणाऱ्यांना होतो. धक्क्याबाहेर पडून पी. डी'मेलो रोडवरून फ्रीवे, शिवडीला अटल सेतू आणि पुढे एक्सप्रेसवे, असा जवळजवळ सिग्नल नसलेला रस्ता आहे. अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झालं, 21.8 किलोमीटरच्या या पुलामुळे चेंबूर-वाशीची कोंडी टळते. शनिवारी सकाळी बोट लागली तर मात्र अर्ध्या तासालाही किंमत असते, कारण लोणावळ्याला निघालेली मुंबई खंडाळ्याच्या घाटात पुण्याच्या दिशेनेच अडकते. दोघंच आहात, एकेकच बॅग आहे आणि ड्रायव्हर बाहेर उभा आहे, तर पहिल्या रांगेत जा.

सिंगापूर किंवा युरोपातल्या क्रूझनंतर विमानाने परतायचं असेल तर नियम एकच ठेवा: दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नका. बोट वेळेवर लागली तरी इमिग्रेशन, बॅगा, विमानतळाचा रस्ता आणि चेक-इन यांत सकाळ संपते. एजंटाने सकाळचं विमान आधीच काढून ठेवलं असेल, तरच बॅगा स्वतः नेण्याचा त्रास घ्या.

घरातल्या कुणाला व्हीलचेअर लागणार असेल तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा. मदतीची नोंद रिसेप्शनवर आदल्या दिवशी दुपारपर्यंत करा आणि कुटुंबातल्या सगळ्यांच्या बॅगांना त्याच गटाचे टॅग मागून घ्या. बहुतेक वेळा व्हीलचेअरबरोबर एकदोघांनाच सोडतात, त्यामुळे बाकीच्यांनी टर्मिनलमध्ये नक्की कुठे थांबायचं ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.