देवाचे मार्गदर्शन ओळखायला शिकवणारा बडोद्यातील अभ्यासवर्ग

दत्तमहाराजांनी दृष्टांत दिला, देवाने कौल दिला, आतून प्रेरणा झाली, ही वाक्ये बडोद्यातील मराठी घरांत रोजच्या बोलण्यात येतात. गरुडेश्वर आणि नारेश्वर ही नर्मदाकाठची दोन दत्तस्थाने जवळच असल्यामुळे या श्रद्धेला येथे जिवंत आधारही आहे. मात्र मनात उठलेली कोणती प्रेरणा देवाची मानावी आणि कोणती आपल्याच इच्छेची किंवा भीतीची, याची पारख शिकवणारे ठिकाण मला बराच काळ सापडत नव्हते. दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर, आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, दर शनिवारी संध्याकाळी भरणारा एक अभ्यासवर्ग नेमके हेच काम करतो. गेल्या चातुर्मासात मी तो पूर्ण केला. अशा वर्गाचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

वर्ग एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या घरी चालवतात. आपले नाव कोठेही येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे, वर्गातील सगळे म्हणतात तसे मीही त्यांना ताई एवढेच म्हणते. शुल्क नाही, दक्षिणेची पेटी नाही, कोणाची तसबीर विकत घ्यावी असा आग्रह नाही. प्रत्येकाने एक जाड वही आणावी आणि सुरुवातीचा एक महिना खंड पाडू नये, एवढीच अट आहे. आरंभ दत्तबावनीने होतो. रंग अवधूत महाराजांनी १९३५ मध्ये गुजरातीत रचलेली ही प्रार्थना येथील मराठी माणसांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की ती म्हणताना भाषा बदलल्याची जाणीवही कोणाला होत नाही. त्यानंतर अर्धा तास मौन, मग वाचन आणि चर्चा असा क्रम असतो.

पहिला महिनाभर ताई कोणालाही देवापुढे प्रश्न ठेवू देत नाहीत, आणि अनेकांना हाच भाग सर्वांत जड जातो. एखाद्याला मुलीच्या स्थळाबद्दल लगेच काही कळायला हवे असते, एखाद्याला दुकान चालू ठेवावे की नाही हे ठरवायचे असते. मनात गलबला असताना मागितलेले उत्तर बहुधा आपणच आपल्याला दिलेले असते, असे ताईंचे म्हणणे आहे, आणि ते समजावण्यासाठी त्या बडोद्यातच घडलेली एक गोष्ट सांगतात.

अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी अरविंद, १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, हे येथे सर्वांना ठाऊक असते. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेचे काँग्रेस अधिवेशन उधळले गेल्यानंतर ते पुन्हा बडोद्यात आले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी त्यांची विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी गाठ घालून दिली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत अगदी साधी होती: बसावे, विचार करू नये, फक्त मनाकडे पाहावे, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच परतवावेत. तीन दिवसांत अरविंदांचे मन पूर्ण निःशब्द झाले. पुढे १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत महाजनवाडीत त्यांना भाषण करायचे होते आणि मनात तर एकही विचार उरलेला नव्हता. श्रोत्यांना नमस्कार करून वाट पाहावी, बोलणे आपोआप येईल, असे लेल्यांनी सांगितले, आणि तसेच घडले.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते, तेव्हा ऐकणारा हात जोडून मोकळा होतो. ताई मात्र तिच्यातील क्रमावर थांबतात. आधी मौन, मग नमस्कार, मग वाट पाहणे, आणि शेवटी शब्द. यातला नमस्कार म्हणजे, येणारे जे असेल ते माझे नाही ही कबुली, असे त्यांचे विवरण आहे, आणि श्रद्धेचा नेमका वाटा कोठे येतो हे मला त्या विवरणातून प्रथमच स्पष्ट कळले. मौन सरावाने साधता येते; पण काहीच हाती नसताना श्रोत्यांसमोर उभे राहून वाट पाहायला कोणावर तरी भरवसा लागतो. याच सत्राला जोडून सगळे जण दांडिया बाजारातीलच अरविंद निवासात चालत जातात. तेथे ग्रंथालय आहे आणि ध्यानासाठी शांत जागा आहे. वर्गाला येणे ज्यांना शक्य नसेल त्यांनी निदान तेथे जाऊन बसावे, असे मी आवर्जून सांगेन.

दुसऱ्या महिन्यापासून वही उघडते, आणि माझ्या दृष्टीने वर्गाचे खरे मोल या वहीत आहे. पान उभे दुमडून त्याचे दोन भाग करायचे. डाव्या भागात तारीख, प्रश्न, मौनात जे उमटले ते जसेच्या तसे, आणि त्याखाली त्या दिवशीची आपली स्थिती लिहायची: झोप झाली होती का, पोट ठीक होते का, कोणावर राग होता, कोणाशी काय बोलणे झाले. उजवा भाग कोरा ठेवायचा आणि महिना उलटल्यावर पुन्हा वाचून भरायचा.

एका आजींच्या वहीचा प्रसंग त्यांच्या संमतीने सांगते. पोळीतले, म्हणजे जुन्या शहरातील दाट वस्तीच्या गल्लीतले, राहते घर विकून परगावी मुलाकडे जावे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या वहीत ‘जा’ हा शब्द पुनःपुन्हा आला होता आणि ती दत्ताची आज्ञाच आहे, असे त्या धरून चालल्या होत्या. ताईंनी त्यांच्या परवानगीने पाने चाळली आणि म्हणाल्या, “मावशी, ‘जा’ आले त्या प्रत्येक दिवशी तुमचे सूनबाईंशी फोनवर बोलणे झालेले दिसते. बोलणे झाले नाही त्या दिवशी काय आले आहे?” आजींनी चष्मा नाकावर घेऊन एकेक पान मागे नेले. त्या दिवसांत कोठे ‘थांब’ होते, कोठे काहीच नव्हते. “पण दलाल नवरात्राच्या आत सही मागतो आहे,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा ताईंनी एवढेच विचारले, “घाई देवाने केली आहे, की दलालाने?” जावे की राहावे यावर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आजींनी सही पुढे ढकलली आणि वही लिहिणे चालू ठेवले.

ताईंनी निर्णय दिला नाही, याला मी फार महत्त्व देते. या वर्गाआधी मी शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी जात असे. तेथे समोरचा माणूस तोंड उघडण्यापूर्वीच त्याला देवाचा निरोप सांगितला जाई, आणि तो निरोप घेऊन माणसे दर आठवड्याला पुन्हा रांगेत उभी राहत. दांडिया बाजारातील या माडीवर आलेला माणूस चार महिन्यांनी ताईंवर पूर्वीपेक्षा कमी अवलंबून असतो. अशा वर्गाची गुणवत्ता मोजायला याहून चांगले माप मला माहीत नाही.

वाचनात तुकोबांवर सर्वाधिक वेळ जातो आणि तो सत्कारणी लागतो. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ हा चरण आपण सहसा मनाला वाटेल ते करण्याचा परवाना म्हणून वापरतो. ताई त्याच्या शेजारी तुकोबांचा गुरूपदेशाचा अभंग ठेवतात. बाबाजींनी स्वप्नात मस्तकी हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला, हे सर्वांना माहीत असते. पण गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि त्याचा स्वप्नातच विसर पडला, हेही तुकोबा त्याच अभंगात सांगतात, इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. त्या अनुभवात भविष्य सांगितलेले नाही, मोठेपणाचे आश्वासन नाही. एक नाम आहे, आणि सेवा घडली नाही याची खंत आहे. स्वतःला थोर ठरवणारी प्रेरणा आली की आधी ती बाजूला ठेवून तपासावी, हा कस ताई येथून काढतात. त्याच्या जोडीला शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशी परंपरेतील तिहेरी कसोटी आहे. जे आतून आले ते धर्माविरुद्ध नाही ना, जाणत्या माणसाला पटते ना, आणि आचरणात आणल्यावर अनुभवाला येते ना, हे तिन्ही पाहिल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही.

वर्गाला येणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी घेतलेले सत्र मला अनपेक्षितपणे उपयोगी पडले. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील लढवय्या १५२१ मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने जखमी झाला आणि अंथरुणाला खिळला. पराक्रमाची आणि दरबारी प्रेमाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे आणि संतांचे जीवन वाचताना जो आनंद होई तो मात्र वाचन संपल्यावरही टिकून राही. विचार चालू असताना काय वाटते यापेक्षा तो निघून गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे, हे त्याला तेथे कळले. मन खचलेले असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये, हा त्याचा नियम आता आमच्यापैकी बहुतेकांच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तो चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या परदेशातून आला, याने आमच्यापैकी कोणाचेही काही अडले नाही.

माझ्या स्वतःच्या वहीतली श्रावणातील बरीचशी पाने कोरी आहेत. निवृत्तीनंतर अहमदाबादेत मिळत असलेले काम घ्यावे का, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर आले नाही. त्याऐवजी वडिलोपार्जित घरावरून अबोला धरलेल्या भावाचे नाव मात्र येत राहिले, चांगल्या झोपेच्या दिवशीही आणि वाईट झोपेच्या दिवशीही. दसऱ्याला मी त्याला फोन केला. अहमदाबादचा प्रश्न अजून तसाच आहे, पण त्याची निकड ओसरली आहे. उत्तर न येण्याचा हा काळच श्रद्धेचा खरा अभ्यास आहे, असे ताई वारंवार सांगतात आणि कोऱ्या पानांवरही तारीख घालायला लावतात.

सर्वांत वादळी चर्चा पुन्हा लेल्यांवरच झाली. ज्या लेल्यांनी अरविंदांना अंतर्यामीच्या मार्गदर्शकाच्या स्वाधीन व्हायला सांगितले, तेच पुढे कलकत्त्याला गेले असता, अरविंद सकाळ-संध्याकाळ नेमाने ध्यानाला बसत नाहीत हे ऐकून त्यांना वाटले की यांना एखाद्या आसुरी शक्तीने पछाडले आहे. अरविंदांनी त्यांचा मान राखला, पण ऐकले आतल्या आज्ञेचेच. फेब्रुवारी १९१० मध्ये अशाच आज्ञेवरून ते तडक चंद्रनगरला गेले आणि तेथून पाँडिचेरीला पोहोचले. मग गुरुप्रचीतीचे काय, असा प्रश्न एका तरुणाने विचारला. ताईंचे उत्तर असे की, त्या आज्ञेमागे अनेक वर्षांची साधना होती, आणि चार महिन्यांच्या वहीवर तेवढा अधिकार कोणी सांगू नये. मला ते उत्तर अपुरे वाटले. अधिकार केव्हा येतो हे साधकाला स्वतःला कसे कळावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढच्या वर्षी या एका विषयाला दोन तरी शनिवार द्यावेत, असे मी ताईंना सांगितले आहे.

काही उणिवा स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. कौल लावणे, चिठ्ठ्या टाकणे, पोथी उघडून येईल ती ओवी उत्तर मानणे, या आपल्या घराघरांतील प्रथांवरचे सत्र घाईत उरकले गेले. ज्यांची सारी श्रद्धा या प्रथांभोवती उभी आहे, त्यांना तेथे पुरेसे बोलायलाच मिळाले नाही. जुन्या मराठीची सवय नसलेल्यांना अभंगांचा अर्थ आधी सांगितला तर बरे होईल, विशेषतः गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलांना. माडीचा लाकडी जिना उभा आणि अरुंद आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी सोबत घेऊन यावे. उलट एका बाबतीत ताईंची दक्षता वाखाणण्याजोगी आहे: सतत आवाज ऐकू येणे, झोप उडणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे यांपैकी काही कोणी सांगितले, तर त्या त्याला दृष्टांत मानू देत नाहीत, आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात आणि घरच्यांशीही बोलतात.

तातडीने होय किंवा नाही असे उत्तर हवे असणाऱ्यांनी येथे जाऊ नये. त्यांचा हिरमोड होईल आणि इतरांच्या मौनातही व्यत्यय येईल. लिहिण्याचा कंटाळा नसेल आणि कोरी पाने सहन करण्याची तयारी असेल, तर मात्र पुढच्या आषाढीला अवश्य जावे. जागा माडीवर मावतील तितक्याच असल्यामुळे ज्येष्ठातच ताईंच्या कानावर घालणे बरे. दांडिया बाजारात दत्तबावनी म्हणणाऱ्या कोणत्याही मराठी घरी विचारले तर पत्ता मिळतो.