जळगावचं ‘अध्यात्म आणि विज्ञान’ शिबिर: १८०० रुपयात काय मिळालं

आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर लगेच जळगावात एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचं निवासी शिबिर होतं, विषय ‘अध्यात्माचे नियम आणि विज्ञानाचे नियम एकच आहेत’. संस्थेचं नाव लिहित नाही, कारण सेम मालाची शिबिरं आता धुळे, भुसावळ, चाळीसगाव सगळीकडे लागतात आणि बोलणारे बदलले तरी स्लाईड त्याच असतात. माझा धंदा मोटर रिवायंडिंगचा, घरात माळ पण आहे, म्हणजे दोन्ही विषय आपल्या जवळचेच. मिसेसने नाव नोंदवलं आणि जोडीला सूट आहे म्हणून मी पण गेलो.

आधी व्यवस्थेचं सांगून टाकतो. हॉल चांगला, कूलर भरपूर, तरी दुपारी ४४ डिग्रीत कूलर काय करणार. रूम बऱ्या. जेवण ‘सात्त्विक’ म्हणजे कांदा नाही लसूण नाही तिखट नाही, आता खान्देशात येऊन वरण-बट्टीला लसणाची फोडणी न देणं हे मला तरी पटत नाही, पण ठीक आहे, पोट भरलं. माठाचं पाणी मात्र एकदम थंडगार.

आता मेन मुद्दा. पहिल्या दिवशीचे सर (कोट वगैरे घालून, कॉलर माईक) सुरूच झाले न्यूटनपासून. म्हणे तिसरा नियम म्हणजेच कर्माचा सिद्धांत, क्रिया तशी प्रतिक्रिया, आपल्या ऋषींना हे आधीच माहीत होतं, टाळ्या. अहो सर, तिसऱ्या नियमात क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात आणि दोन्ही त्याच क्षणाला असतात, मी भिंतीला ढकललं तर भिंत मला त्याच सेकंदाला ढकलते, उद्या नाही की पुढच्या जन्मी नाही. कर्मात कसं, केलं मी आणि भोगणार पण मीच, आणि कधी ते संचित-प्रारब्धाच्या हिशोबात, त्याला घड्याळ नाही. दोन्हीत साम्य म्हणाल तर फक्त ‘केलं तर काहीतरी होतं’ एवढंच, आणि त्याला काही न्यूटन लागत नाही, आमची आजी पण सांगायची.

मग ऊर्जा. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, म्हणून आत्मा अमर, हे तर तुम्ही पण व्हॉट्सअपवर शंभरदा वाचलं असेल. माझ्या दुकानात रोज जळालेल्या मोटरी येतात, त्यांच्यात गेलेली वीज पण नष्ट झालेली नसते, तिची उष्णता झाली, वार्निश काळं पडलं, कॉपर काळंठिक्कर झालं आणि शेतकऱ्याला बिल लागलं. ऊर्जेचं कामच रूप बदलणं. आणि गीतेचा दुसरा अध्याय उघडून बघा, तिथे आत्म्याला अच्छेद्य, अदाह्य म्हटलंय आणि पुढच्याच श्लोकात अविकार्य, म्हणजे जो बदलतच नाही. मग जी सारखी बदलते ती ऊर्जा आणि जो कधीच बदलत नाही तो आत्मा, हे एक कसे? सरांनी विज्ञान तर वाचलं नव्हतंच, गीता पण नीट वाचली नव्हती असं मला वाटलं.

त्यानंतर फ्रिक्वेन्सी. पृथ्वीची स्पंदनं ७.८३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ७.८३ वेळा), ओमकाराची पण ७.८३, डोळे मिटा आणि जुळवा. आता हर्ट्झ म्हटलं की माझे कान टवकारतात कारण आपल्या लाईटचे ५० हर्ट्झ हे माझं रोजचं काम. ७.८३ हा आकडा खरा आहे, शूमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ साली हिशोब मांडला होता, जगभर विजा पडतात त्यांच्यामुळे जमीन आणि हवेतला वरचा आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांचा थर याच्यात विद्युतचुंबकीय लहरी घुमतात त्यांचा तो आकडा. तो आवाज नाहीचे. आणि माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या वरचंच ऐकू येतं, म्हणजे ७.८३ चा ओम म्हटलात तरी शेजारच्याला ऐकू येणार नाही. ओमकार म्हणून बरं वाटतं ना, मग तेवढं सांगा ना सर, त्याला हर्ट्झचं शेपूट कशाला.

आकर्षणाच्या नियमावर तर कहर झाला. सारखं सारख्याला खेचतं, जसे विचार तसं आयुष्य, हा विश्वाचा भौतिक नियम आहे म्हणे. लहान पोराला लोहचुंबक दिलं तरी कळतं की सारखे ध्रुव एकमेकांना लांब ढकलतात. पण ते सोडा. मागच्या रांगेत रावेरकडचे एक आप्पा बसले होते, पांढरी टोपी, सकाळपासून वहीत लिहून घेत होते. ते उठून म्हटले, “मंग साहेब, मह्या केळी काबरं आडव्या झाल्या? मी काय निगेटिव विचार केलता का? आमच्या शिवारात तं सगळ्यांच्याच झाल्या.” हॉल शांत. सर हसले आणि म्हटले, “आप्पा, ते सामूहिक कर्म असतं.”

मला इथे खरंच राग आला. केळीला लाकडाचं खोड नसतं, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले असतात आणि आत सगळं पाणी, वर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबतोय, मेच्या शेवटी वावटळ आली की उंचावर लागलेला वारा बुंध्याशी किती जोर करतो हे कुठल्याही पान्ह्याला पाईप लावून नट सोडणाऱ्या माणसाला माहीत आहे. हा झाला भौतिक नियम, आणि तो आप्पांना दोष देत नाही. सरांचा ‘नियम’ मात्र वर्षाचं पीक गेलेल्या माणसाला सांगतो की तुझ्यातच काहीतरी खोट होती. अध्यात्माला विज्ञानाचा कोट घातला की असं होतं, कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःकडे बघायला वापरायचा, दुसऱ्याचं नुकसान मोजायला नाही. आप्पांनी वही मिटली, जेवणानंतर दिसले नाहीत.

भास्कराचार्य पण येणारच होते, आले. न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण, टाळ्या. आता हे तर आपल्या घरचे, चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे, १२०७ च्या आसपासचा, त्यांच्या नातवाने मठ काढला आणि तिथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायचे असं त्यात लिहिलंय, अभिमान मला पण आहे. त्यांनी ११५० साली लिहिलं की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, हे खरंच. पण अंतर दुप्पट झालं तर ओढ चौपट कमी होते हा हिशोब १६८७ मध्ये न्यूटनने मांडला, दोघांचं श्रेय दोघांना द्यायला काय जातं? आणि मला त्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथाचं जे आवडतं ते सर बोललेच नाहीत. सुरुवातीला गजाननाला नमस्कार आणि मग सरळ गणित, मधे कुठे उत्तर चुकलं तर देवावर ढकलायची सोय नाही. न्यूटनने पण धर्मावर ढीगभर लिहून ठेवलंय, पण त्याच्या सूत्रात दोन वस्तुमानं आणि मधलं अंतर, बाकी कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पैसे वसूल झाले. एक म्हातारे कीर्तनकार महाराज आले, माईक नाही, स्लाईड नाही, पाऊण तास बोलले. त्यांचं म्हणणं असं की सृष्टीचा नियम पाळावा लागत नाही, तो लागूच असतो, गच्चीवरून उडी मारली तर माळकऱ्याचा पण पाय मोडतो आणि दारुड्याचा पण. धर्माचा नियम मात्र मोडता येतो, एकादशीला चोरून मटण खाल्लं तर आभाळ पडत नाही, आणि मोडता येतो म्हणूनच तो पाळणाऱ्याला किंमत. मी मिसेसकडे बघितलं, ती माझ्याकडे. सिंगल फेजिंग झालं, म्हणजे तीन फेजपैकी एक गेला की मोटर जळते, मालक कोण ते मोटर विचारत नाही, पण जळालेल्या मोटरीचं बिल लावताना जुनी वायर टाकून नवीनचे पैसे घ्यायचे की नाही हे मला कुठलंच मीटर सांगत नाही, ते माझं मलाच ठरवावं लागतं. महाराजांनी हे मोटरीचं नाव पण न घेता सांगितलं.

त्याआधी श्वासाचं सेशन झालं ते पण चांगलं. शिकवणाऱ्या ताई साध्या होत्या, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा एवढंच सांगितलं आणि नाडीवर बोट ठेवायला लावलं. सोडताना ठोके खरंच हळू होतात, डॉक्टर पण हेच सांगतील, मेंदूकडून हृदयाकडे जाणारी एक नस आहे तिचं काम. दोन्हीकडचे नियम भेटायचेच असतील तर ते इथे, आपल्या छातीत भेटतात, आणि तिथे कोणी टाळ्या मागितल्या नाहीत.

शेवटी बाहेर टेबलं लावलेली. एनर्जी पेंडंट, पिरॅमिड, आणि ‘मंत्राने चार्ज केलेलं’ पाणी तांब्याच्या बाटलीत. मी विचारलं, एक चार्ज केलेली आणि एक साधी बाटली द्या, लेबल काढून, तुमच्या सरांनी ओळखून दाखवायचं, दहा वेळा. पोरगा म्हटला, “काका, त्याला श्रद्धा लागते.” आता श्रद्धा लागते तर मग ते विज्ञान नाही ना बाबा, कालपासून काय सांगत होते मग. (माठाचं पाणी कोणाच्याही श्रद्धेशिवाय गार होत होतं, बाहेरून झिरपून वाळताना आतली उष्णता घेऊन जातं.) ‘लेव्हल टू’ची फी ७५०० आहे आणि ती तिथेच भरली तर डिस्काउंट, भरू नका, घरी येऊन विचार करा.

पाचपैकी दोन स्टार. एक महाराजांचा, एक श्वासवाल्या ताईंचा. जायचंच असेल तर फोन करून विचारा की दुसऱ्या दिवशीची सकाळ वेगळी बुक होते का, आमच्यासोबतच्या एका जोडप्याला अर्ध्या पैशात करून दिली होती. आणि लोणच्याची बरणी सोबत न्या.