‘बाहेरचा केटरर चालेल’ या तोंडी शब्दावर आम्ही विसार दिला

माझ्या धाकट्या बहिणीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गहू किंवा जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ‘आज एक दिवस चालेल’ असं यात नसतं. पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पीठ लागलेला एक डाव दुसऱ्या पातेल्यात बुडाला तरी ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणून तिच्या लग्नाच्या रिसेप्शनसाठी आमचा केटरर आधी ठरला आणि हॉल नंतर शोधायला लागलो. हा केटरर तिच्यासाठी वेगळी भांडी, वेगळं तेल, वेगळा माणूस ठेवतो. नवरी स्वतःच्याच समारंभात उपाशी बसणार नाही, एवढीच आमची अट होती.

बऱ्याच हॉलनी फोनवरच ‘जेवण आमचंच घ्यावं लागेल’ असं सांगितलं. तेव्हा राग आला होता, आज त्यांच्याबद्दल आदर वाटतो. या धंद्यात हॉलचं भाडं कमी ठेवून कमाई ताटामागे करतात. बाहेरचा केटरर आला की ती कमाई जाते, म्हणून काही जण सरळ नाही म्हणतात आणि काही जण त्या बदल्यात वेगळे पैसे, म्हणजे रॉयल्टी, घेतात. आधी सांगून घेतलेल्या रॉयल्टीत गैर काहीच नाही.

आम्हाला जो हॉल मिळाला, तिथला मॅनेजर पहिल्याच फोनवर म्हणाला, “चालतो ना ताई, आमच्याकडे सगळे आपापला केटरर आणतात.” बाबांना घेऊन बघायला गेले. हॉल प्रशस्त, उजेड भरपूर. स्वयंपाकघर तळघरात होतं. “खाली रंगकाम चालू आहे काका, पुढच्या वेळी दाखवतो,” असं तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. तारखेला आणखी दोन कुटुंबं विचारून गेली आहेत असंही त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी आम्ही निम्मं भाडं विसार म्हणून भरलं. पावतीवर पुढे रक्कम आणि तारीख होती. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘रक्कम परत मिळणार नाही. इतर अटी करारनाम्यानुसार.’ तो करारनामा कुठे आहे, हे मी तेव्हाच विचारलं. “नवीन छापायला टाकलाय, पाठवतो.”

पुढच्या तीन महिन्यांत मी तो किमान चार वेळा मागितला. दर वेळी उत्तर गोड असायचं. मध्येच एकदा त्याचाच फोन आला, “ताई, पत्रिका छापल्या का? हॉलचं नाव नीट आलंय ना बघू, एक पाठवून ठेवा.” मला त्याच्या आपुलकीचं कौतुक वाटलं. पत्रिका पाठवली, आणि चौथ्या दिवशी करारनामा आला. समारंभाला २३ दिवस राहिले होते. आमंत्रणं घरोघरी पोचली होती, बाहेरगावच्यांची तिकिटं काढून झाली होती. पत्रिका त्याला कशासाठी हवी होती ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही आता हलू शकत नाही, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची होती.

करारनाम्यात ‘बाहेरील केटररला परवानगी आहे’ असं ठळक अक्षरात होतं. दोन पानं उलटल्यावर व्याख्यांमध्ये बाहेरील केटररचा अर्थ दिला होता: हॉलच्या यादीवरील मान्यताप्राप्त केटरर. यादीत चार नावं. म्हणजे मॅनेजर तोंडाने खोटं बोलला असं कागदावरून कुणालाच म्हणता आलं नसतं.

त्या चौघांपैकी एकाला मी फोन केला. माणूस सरळ होता. दर ताटामागे हॉलला वाटा द्यावा लागतो, त्यामुळे माझा दर चढाच असणार, असं त्याने स्वतःहून सांगितलं. सगळ्यांचं एकाच ओट्यावर चालतं, गव्हाचं पीठ लागणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही.

मॅनेजरकडे गेलो तर त्याच्याजवळ दुसरा कागद तयार होता. यादीबाहेरचा केटरर आणायचा तर माणशी रॉयल्टी, तीही आमच्या २५० पाहुण्यांवर नाही, हॉलच्या ४०० च्या क्षमतेवर. शिवाय वेगळी अनामत आणि केटररचा विमा. विम्याची मागणी रास्त होती, कुणाला बाधा झाली किंवा भाजलं तर जबाबदारी ठरलेली असावी लागते, आणि आमच्या केटररकडे विमा होताही. पण एकूण रॉयल्टी भाड्याच्या निम्म्याहून जास्त होत होती. दोन दिवस आम्ही दुसरा हॉल शोधला. त्या तारखेला एकही मोकळा नव्हता. पैसे भरले. सही करताना बाबांचा हात थरथरत होता. ते मी विसरलेले नाही.

समारंभाच्या दिवशी दुपारी केटररची गाडी मागच्या दाराशी उभी राहिली आणि स्वयंपाकघराला कुलूप. रॉयल्टी फक्त जेवण वाढण्यासाठी आहे, स्वयंपाकघराचं भाडं वेगळं, असं सांगण्यात आलं. गॅस सिलिंडर आत नेता येणार नाहीत हेही तेव्हाच कळलं. खरं तर ही बंदी योग्य आहे. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळघरात साचून राहतो. माझं म्हणणं एवढंच की हे चार महिने आधी सांगितलं असतं तर केटररने वेगळी तयारी केली असती. सगळं गरम करणं विजेवर आलं. भिंतीत १६ अँपिअरचे दोनच सॉकेट. २३० व्होल्टला एका सॉकेटवर जेमतेम साडेतीन किलोवॅट भार चालतो, आणि आमची गरम ठेवायची यंत्रं आणि पाण्याचे बॉयलर मिळून १२ किलोवॅटच्या पुढे जात होते. तीनदा वीज गेली.

गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं लागतं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. केटरर दर थोड्या वेळाने थर्मामीटर लावून बघत होता. दोन मोठ्या पातेल्यांचा आकडा ४१ वर आला. ती किती वेळ तशी होती हे नक्की सांगता येईना, म्हणून त्याने कुणालाही न विचारता दोन्ही बाजूला काढली. शेवटच्या चाळीसएक पाहुण्यांना दोन पदार्थ मिळाले नाहीत. आई प्रत्येकाजवळ जाऊन माफी मागत होती. बहिणीचं जेवण मात्र केटररने आपल्याच जागेवरून बंद डब्यात भरून आणलं होतं. ती पोटभर जेवली, आणि तिला काही त्रास झाला नाही.

नंतर अनामतीतून ‘सफाई व वीज दुरुस्ती’ म्हणून बहुतेक रक्कम कापली गेली. आम्ही लेखी तक्रार करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की पुरावाच नाही, सगळं फोनवर बोललेलं. शोधता शोधता विसार दिल्याच्या दिवशीचा माझा एक संदेश सापडला: ‘फोनवर ठरल्याप्रमाणे आमचा स्वतःचा केटरर येईल, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, बरोबर?’ खाली त्याचा उंचावलेला अंगठा. त्या अंगठ्याचा फोटो नोटिशीला जोडला. महिन्याभराने अनामत पूर्ण परत आली. रॉयल्टी आली नाही. त्यासाठी ग्राहक तक्रार केली आहे, ती अजून चालू आहे.

तुम्ही हॉल बघत असाल तर एकच कळकळीने सांगते: करारनाम्याची कोरी प्रत हातात आल्याशिवाय विसार देऊ नका, आणि त्यात ‘बाहेरील केटरर’ याचा अर्थ काय लिहिलाय तो आधी वाचा. तिथे तुमच्या केटररचं नाव लिहून घ्या. स्वयंपाकघर उघडून बघा, आणि जाताना केटररला बरोबर न्या. विजेचा भार किती, पाणी आणि निचरा कुठे, आग पेटवता येते का, सामान कोणत्या दाराने कधी आणायचं, उरलेला कचरा कोण नेणार, हे तो पाच मिनिटांत विचारतो. आम्हाला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

गेल्या महिन्यात मामेभावासाठी हॉल बघायला मी बरोबर गेले होते. तिथल्या बाईंनी पैशांचा विषय निघण्याआधीच करारनामा पुढे केला, रॉयल्टीचा आकडा पेनाने गोल करून दाखवला आणि तळघराची किल्ली आमच्या हातात दिली. “घरी नेऊन वाचा, दोन दिवस तारीख धरून ठेवते,” म्हणाल्या. रॉयल्टी चांगलीच जास्त होती. भावाने तिसऱ्या दिवशी जाऊन विसार भरला.