सौरपट्टीचा मराठी बायबल प्लेयर : जागलीला सोबत

तळहाताएवढा डबा, बायबल मराठीत वाचून ऐकवतो; पाठीवर सौरपट्टी. चष्मा नको, वीज नको. शेतात जागलीला एकट्याने बसणाऱ्याच्या खिशात मावतो. मे महिन्यात मात्र टिनावर तापत ठेवू नका, बॅटरी फुगते. सकाळचं कोवळं ऊन द्या, नाहीतर मोबाइलच्या चार्जरला लावा.

खरी कटकट बटणांची. बायबलमधली स्तोत्रं (देवाला उद्देशून गाणी-प्रार्थना) 150, आणि आकडा दाबायची सोय नाही; एकेक पुढे ढकला. मध्येच बंद केला की 176 वचनांचं 119वं पुन्हा पहिल्यापासून!

एकटेपण खायला उठलं की सगळे 23वं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र, लावतात. 102वं लावून बघा, त्यात छपरावरची एकटी चिमणी आहे. 88वं तर अंधारातच संपतं, खोटा धीर देत नाही. आवाज पूर्ण वाढवला की स्पीकर फाटतो.