पायातून विष काढणारं मशीन आणि अण्णांचा पाय

ज्यांच्या घरात जुनी शुगर आहे त्यांनी हे वाचाच, आणि आईवडील गावाकडे दोघंच राहत असतील तर फोन करून त्यांना वाचून दाखवा. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण तक्रार चालू आहे, आणि तसंही नावाला काही अर्थ नाही, हेच मशीन वेगवेगळे स्टिकर लावून सगळीकडे विकलं जातं.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, एसटीतून रिटायर. सोलापूरला ते आणि आई, मी पुण्यात. शुगर वीसेक वर्षांची. आधी तळपायाची नुसती आग व्हायची, रात्री चादर लागली तरी सहन व्हायचं नाही, मग मुंग्या, मग बधीरपणा, चप्पल पायातून निसटली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. डॉक्टरांनी नसांचा त्रास आहे, पायाला जपा असं सांगितलेलं होतं, गोळ्या चालू होत्या. पण वीस वर्षं तेच तेच ऐकून माणूस कंटाळतो हो, आणि हे विकणारे नेमके त्या कंटाळलेल्या माणसालाच शोधत असतात.

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर पत्रक आलं, 'मधुमेहींच्या पायांची मोफत तपासणी'. देवळाशेजारचा हॉल, चहा बिस्किट, पांढरे कोट घातलेली पोरं. कोणीही स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलं नाही बरं का, सगळे एकमेकांना 'सर' म्हणत होते, बाकीचं काम कोटाने केलं. अण्णांच्या हातात धातूची एक दांडी दिली, मिनिटभर धरायला लावली आणि लॅपटॉपमधून जाडजूड रिपोर्ट काढला. लिव्हर, किडनी, हाडं, रक्तवाहिन्या, सगळ्याचे आकडे आणि बहुतेक लाल. आता जरा विचार करा, पायाची तपासणी होती आणि कोणी मोजे काढायलासुद्धा सांगितलं नाही.

खरी तपासणी कशी असते ते मी नंतर हॉस्पिटलमध्ये बघितलं. डॉक्टर एक नायलॉनचा दोरा घेतात, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात, तो दाबल्यावर १० ग्रॅम जोराला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे, तळव्यावर वेगवेगळ्या ठिकाणी दोरा टेकवतात आणि कळलं का विचारतात. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळतंय का बघतात, पायाची नाडी हाताने चाचपतात, गरज वाटली तर डॉपलर (रक्तप्रवाह ऐकायचं छोटं यंत्र) लावून घोट्याच्या आणि दंडाच्या ब्लडप्रेशरची तुलना करतात. बोटांच्या बेचक्यात बघतात, कुरूप, घट्टे, भेगा, नखं बघतात, चप्पल उलटी करून कुठे झिजलीय तेही बघतात. दोरा, फोर्क आणि डॉपलर सोडला तर यात मशीन जवळपास काहीच नाही.

तर रिपोर्ट लाल आल्यावर डेमो. प्लॅस्टिकचा टब, कोमट पाणी, मूठभर मीठ, आणि त्यात वायर जोडलेला एक गोल डबा, त्याला ते ॲरे म्हणतात. अण्णांनी पाय घातले, बटण दाबलं, थोड्या वेळात पाणी पिवळं, मग तपकिरी, वर काळपट फेस. भिंतीवर चार्ट लावलेला, तपकिरी म्हणजे लिव्हरचं विष, नारिंगी म्हणजे सांध्यांचं, पांढरा फेस म्हणजे आणखी कशाचं तरी. आई सांगत होती की ते पाणी बघून हॉलमधली माणसं अक्षरशः गप्प झाली. एवढी घाण आपल्या पायातून निघाली म्हटल्यावर कोण मागे हटेल?

मशीन १८,५०० रुपये. ॲरे वेगळा, कारण तो 'विष ओढून ओढून झिजतो' म्हणून सारखा बदलावा लागतो, म्हणजे गिऱ्हाईक कायमचं बांधलं गेलं. पैसे यूपीआयने एका माणसाच्या पर्सनल खात्यावर, बिल म्हणजे साध्या कागदावर 'वेलनेस किट', जीएसटी नंबर नाही. आणि जाता जाता सल्ला, काका, शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, मशीन सुरू केल्यावर गोळ्या हळूहळू कमी करा. अण्णांनी निम्म्या केल्या.

ती घाण कुठून येते ते ऐका. हे सगळं निस्तरल्यावर मी ते मशीन घरी टबात लावलं, पाणी, मीठ, ॲरे, पाय कोणाचेच नाहीत. पाणी तस्संच तपकिरी झालं, फेस पण आला. बारावी सायन्सचं इलेक्ट्रोलिसिस आहे हो ते, मिठाच्या पाण्यातून करंट गेला की ॲरेमधलं लोखंड गंजून पाण्यात उतरतं, तो गंजाचा रंग. मीठ जास्त टाकलं तर रंग लवकर आणि गडद. थोडा क्लोरीनचा वासही येतो, त्यालाच ते 'विषाचा वास' म्हणत होते. ॲरे झिजतो तो यामुळेच. शरीरातली घाण बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, तळपायाच्या कातडीतून असलं काही निघत नाही. अख्खा व्हिडिओ काढून ठेवलाय.

नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहिलं नसतं.

पहिल्या काही दिवसांत अण्णा खूष. म्हणाले आग थांबली. कट्ट्यावर आणखी दोघांना त्यांनीच मशीन घ्यायला लावलं. नंतर डॉक्टर म्हणाले की एवढ्या जुन्या शुगरमध्ये आग आपोआप थांबली तर खूष व्हायचं नाही, नस आणखी मेली की दुखणंही बंद होतं. म्हणजे आजार वाढल्याची खूण आणि मशीनचा 'गुण' दिसायला एकच. या धंद्याचं सगळं गणित इथेच आहे, ज्याला पायात काही कळतच नाही त्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवायचं.

मग एके दिवशी पाणी कोमट लागेना. लागणार कसं? अण्णांनी आईला गरम पाणी आणखी ओतायला लावलं, तिने वरून हात घालून बघितला नाही कारण टबात करंट आहे ही भीती. दुसऱ्या दिवशी फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा कळलं, करंगळीकडच्या बाजूला फोड येऊन फुटला होता आणि अण्णांना पत्ताच नव्हता. त्यांनी कंपनीच्या पोराला फोन लावला. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, माझ्याकडे जपून ठेवलाय: काका घाबरू नका, आतलं विष बाहेर पडतंय, मशीन थांबवू नका. फुटलेल्या फोडासकट पाय परत त्याच पाण्यात.

मला कळलं तेव्हा पाय सुजून लाल, ताप, जखमेला वास, शुगर ४०० च्या वर. ॲडमिट केलं. सलाईनमधून अँटिबायोटिक, जखम साफ करण्याचं ऑपरेशन, एक्सरेत हाडापर्यंत इन्फेक्शन. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले आणखी उशीर केला असता तर गोष्ट घोट्यापर्यंत गेली असती.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी आईला जे शिकवलं ते मात्र लाखमोलाचं. रोज रात्री तळपाय आरशात बघायचा, किंवा दुसऱ्याने बघायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, क्रीम लावायचं पण बेचकीत नाही. पाणी किती गरम ते पायाने नाही, दुसऱ्याच्या हाताने किंवा कोपराने. मिठाच्या पाण्यात पाय शेकत बसायचं नाही, आपल्याकडे घरोघरी हाच सल्ला देतात. कुरूपावर ब्लेड नाही आणि मेडिकलमधली कॉर्न कॅप पण नाही, त्यात ॲसिड असतं. चप्पल झटकून घालायची, घरातसुद्धा अनवाणी नाही. देवळात काय करायचं यावर आमच्याकडे मोठं भांडण झालं, सोलापूरच्या एप्रिलमध्ये दगडी फरशी म्हणजे तवाच, शेवटी जाड मोजे घालून आणि सकाळी लवकर यावर तह झाला.

चपलेचं पण बघा, एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) सोलवाल्या मऊ चपला मिळतात, मुळात कुष्ठरोग्यांच्या बधीर पायांसाठी वापरात आलेल्या, मागे पट्टा असलेली घ्या. बाजारात साध्या स्पंजला 'डायबेटिक' लेबल लावून पण विकतात, अंगठ्याने दाबून बघा, दबून तशीच राहिली तर सोडून द्या.

आता तक्रारीचं. कंपनीचं उत्तर ऐकाल तर डोकं फिरेल, म्हणे माहितीपुस्तकात लिहिलंय की हे वैद्यकीय उपकरण नाही, मधुमेहींनी आणि जखम असलेल्यांनी वापरू नये. खरंच लिहिलंय, इंग्रजीत, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. आणि पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, मधुमेहींसाठीच! मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. शुगर बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे आणि गँगरीनसुद्धा, म्हणून पत्रकाची कॉपी जोडून एफडीएला (अन्न व औषध प्रशासन) पण अर्ज दिलाय. पत्रक, यूपीआयची एंट्री, व्हॉइस मेसेज, पहिल्या दिवसापासूनचे जखमेचे फोटो, यातलं काही डिलीट करू नका. कट्ट्यावरच्या त्या दोघांपैकी एक काका माझ्याबरोबर तक्रारीत आलेत, दुसऱ्यांना अजून वाटतं की आमच्याच वापरण्यात चूक झाली.

मध्यंतरी तीच पोरं बार्शीला हॉल घेऊन बसली होती. तक्रारीत माझ्याबरोबर आलेले ते काका मुद्दाम गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आधी पाय न घालता टब चालू करून दाखवा. 'सर' म्हणाले लाइट गेलीय. वर फॅन चालू होता.