निळ्या पोर्टचं ग्राफिक्स कार्ड

घरी कॉम्प्युटर जोडायचा म्हटल्यावर माझी सगळी भीती जोडण्याचीच होती. आमच्या रायझन प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ पिना, त्यातली एक वाकली तरी पैसे पाण्यात. प्रत्यक्षात मी आणि मुलाने मिळून एका रविवारी ते काम केलं आणि त्यात फारसं अवघड काही निघालं नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, लिव्हर उचलून प्रोसेसर अलगद सोडायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र दाबावीच लागते, टक् आवाज येईपर्यंत. तेव्हा पोटात गोळा आला, पण बसली. आम्ही फसलो ते दोन दिवस आधीच, दुकानाच्या काउंटरवर.

जुलै २०२१ मधली गोष्ट. एरवी ऐरोलीहून मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला असता, पण कोविडच्या निर्बंधांमुळे लोकल सर्वसामान्यांना बंद होती. म्हणून शुक्रवारी स्कूटरवरून वाशी. कार्डांवर क्रिप्टोचलन काढणाऱ्या मायनिंगवाल्यांमुळे आणि चिपच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव तेव्हा आभाळाला भिडले होते. आमच्या रायझन ५ ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. दोन दुकानांत पंधरा-सोळा हजार ऐकल्यावर तिसरा म्हणाला, ‘ताई, जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, शेवटचा पीस. अकरा हजार.’ बिल मागितलं तर, ‘बिलावर अठरा टक्के वेगळे लागतील.’ म्हणजे १,९८० रुपये. ते वाचले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हातात पडली ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ‘ग्रा. कार्ड ४ जीबी - १’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, दुकानाचं नावसुद्धा नाही. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं दिसलं. तो म्हणाला, भावाचं खातं आहे. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं. ‘लावून दाखवता का?’ असं मी विचारलंही होतं. पण तेव्हा दुकानं चारला बंद करावी लागत, आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं.

आमचा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीएची वायर लागते. कार्डाला तो निळा, पंधरा भोकांचा पोर्ट बघून मला हायसं वाटलं, की चला, नवा मॉनिटर वाचला.

रविवारी संध्याकाळी पडदा उजळला. पेढे आणले! मग मुलाने १०५० टीआयची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकला आणि विंडोज कोलमडल्याची निळी स्क्रीन आली. रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन. दोन दिवस पोरगं स्वतःलाच दोष देत होतं. कूलर काढून परत बसवला, रॅम या खाचेतून त्या खाचेत, मदरबोर्डचे स्क्रू सैल करून बघितले. अकरा हजार गेले याच्यापेक्षा मला त्या दोन दिवसांचा राग जास्त आहे.

शेवटी कुणीतरी जीपीयू-झेड नावाचा, कार्डाची खरी माहिती दाखवणारा फुकट प्रोग्राम चालवायला सांगितला. कार्डाच्या नावाआधीच त्याने ‘फेक’ असा शब्द लावला होता. खाली कोअर, म्हणजे चिपमधले आकडेमोड करणारे भाग, १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. आत जीटीएस ४५० जातीची, २०१० सालची चिप होती. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम, बदलून तिला नवं नाव चिकटवलेलं, म्हणून विंडोजही तेच नाव दाखवत होतं. आणि तो निळा पोर्ट? व्हीजीए म्हणजे ॲनालॉग सिग्नल. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे, त्या चिपांतून एनव्हिडियाने ॲनालॉग आउटपुट काढूनच टाकलंय. ज्याच्यावर मी खूश झाले, तोच पुरावा होता.

दुकानदार म्हणाला, ‘हे आमचं कार्डच नाही.’ चिठ्ठीवरून ते खोडता येईना. ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली (नंबर आता १९१५ आहे), तिथे बिल मागितलं. बऱ्याच चकरांनंतर त्याने एक कीबोर्ड-माउसचा सेट हातावर ठेवला. घेतला मी, काय करणार.

तेव्हा पक्क्या बिलाचे अठरा टक्के देऊन टाका. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर तिथेच ताडून बघा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. जुनं कार्ड घेत असाल तर जीपीयू-झेड समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. घाई आहे म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा.

दिवाळीनंतर दुसरं कार्ड घेतलं, पक्क्या बिलावर. काउंटरवरच खोकं फोडायला लावलं. मुलाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसून म्हणाला, ‘आई, निळा पोर्ट नाहीये.’ मग साडेतीनशेचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घेतला, त्याचंही बिल घेतलं.