पोळी की भाकरी? गहू, ज्वारी, बाजरी आणि नाचणी, घरासाठी निवडताना

"आमच्याकडे दोन्ही वेळा पोळीच असते. ती बंद करून भाकरी सुरू करू का?" हा प्रश्न मला वर्षभरात निदान दहा जणींनी विचारला असेल. कुणाच्या सासऱ्यांची साखर वाढलेली, कुणाच्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलेलं, कुणाला वजन उतरवायचंय. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांसाठी जाहीर केलं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीचं कौतुक एवढं वाढलंय की घरात गव्हाचा डबा असला तरी बायकांना अपराधी वाटू लागलंय.

माझं उत्तर आधीच सांगते. रात्रीच्या जेवणात भाकरी आणा, डब्यातली पोळी राहू द्या. असं का, ते नीट पाहू, कारण प्रत्येक घराचं गणित थोडं वेगळं पडतं.

आधी आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम धान्यात किंवा पिठात साधारण एवढं असतं:

| | प्रथिने (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | कर्बोदके (ग्रॅम) | लोह (मिग्रॅ) | कॅल्शियम (मिग्रॅ) |
|---|---|---|---|---|---|
| गहू (कणीक) | १०.६ | ११.४ | ६४ | ४.१ | ३१ |
| ज्वारी | १०.० | १०.२ | ६८ | ४.० | २८ |
| बाजरी | ११.० | ११.५ | ६२ | ६.४ | २७ |
| नाचणी | ७.२ | ११.२ | ६७ | ४.६ | ३६४ |

पहिल्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचा. गिरणीतून दळून आणलेली, न चाळलेली कणीक आणि ज्वारीचं पीठ यांत फारसा फरक नाही. तंतू तर गव्हात काकणभर जास्तच आहेत. गहू वाईट आणि ज्वारी औषधी, असं या आकड्यांतून अजिबात निघत नाही. फरक पडतो तो कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला की, किंवा पोळीच्या नावाखाली मैद्याचे पराठे आणि पाव खाल्ले की. म्हणून ज्या घरात आजवर चाळणी फिरत होती, तिथे पहिला बदल धान्याचा नको. चाळणी बाजूला ठेवा.

मग भाकरीकडे वळायचंच कशाला? मला तीन कारणं दिसतात आणि त्यांतली दोन परातीबाहेरची आहेत.

एक म्हणजे तेल. घडीच्या पोळीला आत घडीत आणि वर तव्यावर मिळून सहज अर्धा चमचा तेल जातं. दिवसाला बारा पोळ्या होत असतील तर तीस मिलिलिटर, महिन्याला जवळजवळ एक लिटर तेल नुसत्या पोळ्यांत. भाकरीला ते लागत नाही. पाण्यावर थापायची, पाण्याचा हात फिरवून उलटायची, विस्तवावर फुगवायची. फुलके करणाऱ्या घरांना हा मुद्दा लागू नाही, त्यांचं तेल आधीच वाचलेलं असतं.

दुसरं, भाकरीबरोबर येणारं जेवण. पोळीबरोबर बटाट्याची सुकी भाजी, मुरांबा, गूळ-तूप, सॉस काहीही चालून जातं. भाकरीला मात्र काहीतरी पातळ किंवा झणझणीत लागतंच. पिठलं, मुगाची आमटी, शेपू, मेथी, अंबाडी, वांग्याचं भरीत, कच्चा कांदा, ताक. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, तो डाळी भरून काढतात. भाकरी ताटात आली की डाळ आणि पालेभाजी तिच्यामागे आपोआप येते. मला हा फायदा तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

तिसरं कारण बाजरी आणि नाचणीतल्या खनिजांचं. त्याकडे पुढे येते.

साखर असलेल्यांसाठी

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून लिहिते. "भाकरीने साखर वाढत नाही" हे खरं नाही. वरच्या तक्त्यात कर्बोदकांचा रकाना पाहा, चारही धान्यं ६२ ते ६८ च्या मध्ये आहेत. शिवाय एक घडीची पोळी साधारण २५ ते ३० ग्रॅम कणकेची असते आणि एक बऱ्यापैकी भाकरी ५० ग्रॅम पिठाची. म्हणजे दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याने पीठ जवळजवळ दुप्पट केलं. आमच्या सासऱ्यांचं नेमकं हेच झालं. भाकरी चालते म्हणून ते मोकळ्या मनाने दोन भाकऱ्या घ्यायचे आणि जेवणानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर आकडा पोळीच्या दिवसांपेक्षा वर दिसायचा. एक भाकरी, वाटीभर घट्ट आमटी आणि दीड वाटी भाजी असं ताट केलं, तेव्हा आकडा खाली आला. आधी काकडी-मुळा, मग भाजी-डाळ आणि शेवटी भाकरी, असा क्रम त्यांनी स्वतःहून लावून घेतला.

नाचणीचं सत्त्व आणि बारीक पिठाची पातळ आंबील याबाबत मधुमेहींनी विशेष जपावं. दळण जितकं बारीक आणि पदार्थ जितका पातळ, तितकी साखर लवकर रक्तात उतरते. तेच पीठ भाकरी म्हणून चावून खाल्लं तर वेग कमी होतो. आणि यंत्र घरात असेल तर कुणाच्या सांगण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा: एक दिवस पोळी, एक दिवस ज्वारी, बाकी ताट तेच, आणि दोन्ही दिवशी दोन तासांनी मोजा. गोळ्यांत फेरफार मात्र डॉक्टरांना विचारूनच.

ज्वारी

रोजच्या भाकरीसाठी माझी पसंती ज्वारीला. चव सौम्य असल्याने कोणत्याही भाजीशी जमते, सगळ्या ऋतूंत चालते, लहानांपासून आजीपर्यंत कुणालाही देता येते. घेताना रब्बीची घ्या. सोलापूर, मंगळवेढा, बीड, नगर या पट्ट्यातली मालदांडी जातीची ज्वारी टपोरी, मोत्यासारखी पांढरी असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खरिपाच्या ज्वारीला कणीस भरताना पाऊस लागला तर दाणा काळा पडतो, बुरशी येते. स्वस्त मिळाली तरी असा काळपट दाणा घरात आणू नका.

"मला भाकरी जमत नाही" असं म्हणणाऱ्या मुलींसाठी थोडं विस्ताराने. गव्हात ग्लुटेन असतं, त्याच्या चिकटपणावर पोळी लाटली जाते. ज्वारीत ते नाही, म्हणून पिठाला धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काम कढत पाणी करतं. पिठातला थोडा स्टार्च उकडीसारखा शिजतो आणि चिकट होतो. परातीत पीठ घेऊन मधे कढत पाणी ओता, चमच्याने कालवा, हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताने रगडून मळा. मळण्यात कंजुषी केली की कडा फाटतात. दुसरी गोष्ट, पीठ ताजं हवं. महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि कितीही मळलं तरी भाकरी तव्यावर टाकताना तुटते. माझ्या पहिल्या पंधरा-वीस भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या होत्या. चुकत होतं ते पीठ, हात नव्हे, हे आईने डबा उघडून वास घेतल्याबरोबर सांगितलं.

बाजरी

थंडीतली भाकरी बाजरीची. भोगीला तीळ लावून, लोणी आणि लेकुरवाळ्या भाजीबरोबर. तक्त्यातलं लोह पाहा, ६.४ मिलिग्रॅम, चौघींत सर्वांत जास्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचा आहे. पण एका भाकरीतून मिळतं सुमारे तीन मिलिग्रॅम आणि बाईची रोजची गरज धरली जाते २९ मिलिग्रॅम. शिवाय धान्यातलं फायटेट त्यातलं बरंच लोह अडवून ठेवतं. म्हणून भाकरीवर लिंबू पिळलेली कोशिंबीर हवी, पेरूची फोड हवी, आणि जेवणानंतर लगेच चहा नको. हिमोग्लोबिन खूपच खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी भाकरीच्या भरवशावर सोडू नका.

बाजरीचे दोन दोष माहीत हवेत. तिच्यात स्निग्धांश पाच टक्क्यांच्या वर असतो, म्हणून पीठ लवकर खवट होऊन कडू लागतं. आठ दिवसांपुरतंच दळा. आणि ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांनी तिला रोजची मुख्य भाकरी करू नये. तिच्यातले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा, आयोडीनयुक्त मीठ वापरत असाल तर, मला काळजीचं वाटत नाही.

नाचणी

प्रथिनं सर्वांत कमी, कॅल्शियम सर्वांत जास्त. पन्नास ग्रॅमच्या एका भाकरीत १८० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीडशे मिलिलिटर गाईच्या दुधाइतकं. सगळंच अंगी लागत नाही, तरी दूध न आवडणारी मुलं आणि चाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी हे धान्य मोलाचं. नाचणीला मोड आणून वाळवून दळली किंवा पीठ ताकात रात्रभर आंबवलं तर फायटेट कमी होतं, कोकणात आणि घाटावर आंबील अशीच करत आले आहेत. नुसत्या नाचणीची भाकरी थापायला अवघड आणि रंगामुळे मुलं नाकं मुरडतात. निम्मी ज्वारी मिसळा, किंवा घावन-डोशात घाला. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या, कारण नाचणीत ऑक्झलेटही असतं.

तांदळाच्या भाकरीबद्दल थोडक्यात. माशाच्या कालवणाबरोबर तिला तोड नाही, पण पॉलिश केलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नसतात. या तुलनेत ती भाताच्या जागी मोजा, भाकरीच्या नव्हे.

पोळी कुठे जिंकते

डब्यात. सकाळी सातला केलेली पोळी दुपारी एकलाही मऊ राहते, भाकरी तोवर कडक होते. मी उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यात मुलांच्या डब्यातही भाकरी दिली. डबे अर्धे परत यायचे आणि मुलं कॅन्टीनमधला वडापाव खायची. न चाळलेल्या कणकेची पोळी वडापावपेक्षा केव्हाही बरी, तेव्हा हट्ट सोडला. घाईच्या सकाळीही पोळीच बरी, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना भाकरी थापायची सवय नसेल तर त्यांच्यावर ते ओझं टाकू नये.

डब्यात बदल हवाच असेल तर धपाटे किंवा थालीपीठ. ज्वारी, बेसन, कणीक, मेथी, दही. ते मऊ राहतात, फक्त तेलाचा हात आवरायला हवा.

बाजारातल्या मल्टिग्रेन आट्याबद्दलही विचारलं जातं. पाकिटाच्या मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला शब्द गहू असतो आणि बाकीची धान्यं बहुधा टक्का-दोन टक्का. त्यापेक्षा गिरणीत चार किलो गव्हात एक किलो ज्वारी किंवा अर्धा किलो हरभरा टाकून दळून आणा, पोळी लाटायलाही जमते.

गहू पूर्ण बंद करावा का

सीलिअॅक हा ग्लुटेन न सोसण्याचा आजार निदान झालेला असेल तर हो, पूर्ण आणि कायमचा. त्या घरांनी गिरणीकडेही लक्ष द्यावं, त्याच चक्कीत आधी गहू दळलेला असतो आणि तेवढं पीठही त्रास देतं. घरगुती चक्की असेल तर ती त्या माणसाच्या धान्यासाठीच ठेवावी. पोट फुगतं, वारंवार जुलाब होतात म्हणून संशय असेल तर गहू सोडण्याआधी तपासणी करून घ्या. गहू बंद करून मग रक्त दिलं तर तपासणी चुकीचा दिलासा देऊ शकते. बाकी कुणाला गहू सोडायचं कारण मला दिसत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातलंही जरा समजून घ्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊन दिवस काढलेल्या पिढीला गव्हाची पोळी म्हणजे बरे दिवस आल्याची खूण वाटते. माझ्या आत्याबाई आजही पाहुण्यांसमोर भाकरी वाढू देत नाहीत. त्यांच्या ताटात मी पोळीच वाढते आणि शेजारी अर्धी भाकरी, ताज्या लोण्यासकट, ठेवते. ती बहुतेक वेळा संपलेली असते.

आमच्या पाच माणसांचं दळण आता असं असतं: पंधरा दिवसांना गहू पाच किलो, ज्वारी तीन किलो, नाचणी एक किलो, आणि दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला किलोभर बाजरी. रात्री माणशी एक भाकरी. उरलीच तर सकाळी ताकात कुस्करून, वर बारीक कांदा आणि चिमूटभर जिरेपूड. मुलं भांडून खातात.